सर, मोटर घेऊ?

मुलीच्या केसांना भरपूर खोबरेल तेल लावलेलं होतं. आदल्या रात्री वॉर्डात आईने दोन घट्ट वेण्या घालून त्यांना शाळेच्या लाल रिबिनी बांधल्या होत्या. ऑपरेशनला जाताना लेकीचे केस नीट असावेत, असं त्या माउलीला वाटलं असणार. मला मात्र त्या डोक्यावर टेपने माप घेऊन, पेन्सिलने खुणा करून सुया बसवायच्या होत्या, आणि तेलावर खूण टिकत नाही. मी वेण्या सोडल्या, रिबिनी गुंडाळून सिस्टरकडे दिल्या आणि भांग पाडत, स्पिरिटच्या बोळ्याने एकेक जागा पुसत गेले. मुलगी गाढ झोपेत होती. आम्ही भूल चढल्यावरच टोचतो, त्यामुळे मुलांना आमच्या सुयांचा पत्ता नसतो. दोन दिवसांनी पोटऱ्यांवर, तळहातावर बारीक ठिपके दिसले की ती विचारतात, डास चावले का.

ही मुलगी १३ वर्षांची, परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. गणवेशाची ओढणी एकाच खांद्यावरून सारखी घसरते, हे आईच्या लक्षात आलं तोवर पाठ बरीच वळली होती. एक्स-रेमध्ये बाक ६८ अंशांचा भरला. वाढीच्या वयात, बहुतेक वेळा नेमकं कारण न सापडता, कणा असा बाजूला वळतो. त्याला स्कोलिओसिस म्हणतात. ४५-५० अंशांच्या पुढे गेलेला बाक पट्ट्याने आवरत नाही, मग ऑपरेशनचा विचार करावा लागतो. पाठ उघडायची, मणक्यांत स्क्रू बसवायचे, त्यांत धातूचे दोन रॉड अडकवायचे आणि कणा हळूहळू सरळ आणायचा. या कण्याच्या पोकळीतच मज्जारज्जू असतो, करंगळीएवढाही जाड नसलेला. सर, म्हणजे शल्यविशारद, कण्याकडे बघतात. मज्जारज्जूकडे बघत राहण्यासाठी मी असते.

माझ्या कामाला न्यूरोमॉनिटरिंग म्हणतात. आमच्या ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) मामा-मावश्या त्याला ‘सिग्नल’ म्हणतात आणि मला ‘सिग्नलवाल्या ताई’. मी सुरुवातीला ईईजी आणि नसांच्या तपासण्या करणारी टेक्निशियन होते. लहानशा खोलीत, दार लावून, एका रुग्णाबरोबर शांतपणे करायचं काम ते. ओटीत आले तेव्हा पहिले काही महिने तिथला आवाजच मला सोसेना. सक्शन, कॉटरी, मॉनिटरची पीप-पीप, सी-आर्म पुढेमागे ढकलताना होणारा खडखडाट. आणि यातल्या प्रत्येक यंत्राची वीज माझ्या पडद्यावर उमटते. नसांतून येणारा संदेश व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचा, आणि भिंतीतल्या तारांतून ५० हर्ट्झची वीज सतत गुणगुणत असते. अंग गरम ठेवणाऱ्या ब्लँकेटचा एक प्लग या भिंतीतून काढून त्या भिंतीत लावला की पडदा स्वच्छ होतो, हे शिकायला मला वर्ष लागलं.

आईवडिलांना मी हे काम असं समजावते. मेंदू आणि पाय यांच्यामध्ये दोन रस्ते आहेत. एक वर जाणारा, एक खाली येणारा. वरच्या रस्त्याने स्पर्शाची, हालचालीची खबर मेंदूकडे जाते. तो रस्ता तपासायला मी घोट्याजवळच्या नसेला सेकंदातून काही वेळा हलका विजेचा ठोका देते आणि तो डोक्यावर पोचतो का ते बघते. मोठ्या माणसात त्याला सुमारे ३७ मिलिसेकंद लागतात. डोक्यावर पोचलेला ठोका इतका क्षीण असतो की मेंदूच्या स्वतःच्या विजेत तो बुडून जातो, म्हणून दोन-तीनशे ठोक्यांची सरासरी काढावी लागते. म्हणजे या रस्त्यावर काही बिघडलं तर ते कळायला मला मिनिट-दीड मिनिट उशीर होतो.

खालच्या रस्त्याने हुकूम येतो. तो तपासायला डोक्यावर बसवलेल्या सुयांतून काही शे व्होल्टचे, पापणी लवण्याच्याही कित्येक पट कमी वेळाचे पाच-सहा ठोके लागोपाठ द्यायचे. हातापायांचे स्नायू क्षणभर आखडतात आणि त्यांत टोचलेल्या सुया ते टिपतात. याला आम्ही ‘मोटर’ म्हणतो. मोटर दिली की मूल टेबलावर जरासं उडतं. सरांच्या हातात त्या वेळी मज्जारज्जूपासून काही मिलिमीटरवर धारदार हत्यार असू शकतं, म्हणून आधी विचारावं लागतं.

“सर, मोटर घेऊ?”

सर हात वर उचलतात, मग म्हणतात, “घे.”

सहा-सात तासांच्या ऑपरेशनमध्ये ही देवघेव पन्नासदा तरी होते. इतर बोलणं नसलं तरी चालतं, ही दोन वाक्यं चुकवून चालत नाही.

असं यंत्र नव्हतं तेव्हा काय करत, हे मला एका ज्येष्ठ भूलतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं आणि एकदा दाखवलंही. फ्रान्समध्ये स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. रॉड बसवून कणा सरळ केल्यावर, पाठ उघडी असतानाच भूल हलकी करायची, रुग्णाला अर्धवट जागं करायचं आणि सांगायचं, हाताची मूठ वळ, आता पाय हलव. पाय हलला की पुन्हा झोपवायचं. वेदना होऊ नयेत, आठवण राहू नये, अशी औषधं देऊनच हे करतात. माझं यंत्र बंद पडलं होतं त्या दिवशी मॅडमनी ते केलं. मुलगा १६ वर्षांचा होता. आदल्या दिवशी मॅडम त्याच्या पलंगावर बसून तीन वेळा तालीम करून आल्या होत्या, कारण यंत्रावर त्यांचा कधीच पूर्ण भरवसा नसे. मुलाने पाय हलवले. सगळ्यांनी श्वास सोडला. पण ही चाचणी त्या एका क्षणापुरतीच बोलते, पुढच्या तासाभरात काय झालं ते सांगत नाही. आणि पाच वर्षांच्या पोराला तुम्ही उघड्या पाठीने पालथं असताना जागं करून ‘पाय हलव बाळा’ म्हणू शकत नाही. ते घाबरून उठू पाहील, श्वासाची नळी निघेल.

१९७० च्या दशकात अमेरिकेत आणि जपानमध्ये वर जाणाऱ्या रस्त्याची तपासणी ओटीत सुरू झाली. खाली येणाऱ्या रस्त्याचं दार १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन या दोघांनी लंडनमध्ये उघडलं. कवटी न उघडता, वरून विजेचा ठोका देऊन त्यांनी जाग्या माणसाचे स्नायू हलवून दाखवले. भुलीखाली मात्र एका ठोक्याने काही होत नसे. लागोपाठ ठोक्यांची मालिका द्यायची, हे १९९० च्या दशकात उमगलं आणि मग आमच्या कामाला खरा अर्थ आला.

लहान मुलांच्या बाबतीत हे सगळं जास्त नाजूक होतं. नसांवर एक स्निग्ध वेष्टण असतं, तारेवरच्या प्लॅस्टिकसारखं. जन्मतः ते पुरतं चढलेलं नसतं. मेंदूकडून पायाकडे जाणाऱ्या लांब तारांवर ते चढत चढत जातं आणि हे काम पौगंडावस्थेपर्यंत चालू राहतं. म्हणून १३ वर्षांच्या मुलीत जो संदेश ठसठशीत मिळतो, तो अडीच वर्षांच्या बाळात चाचरत येतो. जास्त ठोके द्यावे लागतात, कधी एकापाठोपाठ दोन मालिका द्याव्या लागतात. दीडेक वर्षापर्यंत टाळू भरलेली नसते, तिथे स्क्रूसारखी फिरवून बसवायची सुई चुकूनही लावायची नाही. डोक्यात पाणी साठतं म्हणून शंट टाकलेला असेल तर तिथून दूर राहायचं. पाय गार पडले तर संदेश मंदावतो, म्हणून मी बाळांची पावलं कापसात गुंडाळून ठेवते.

आणि भूल. वासाच्या भुलीने, म्हणजे गॅसने, लहान मुलांची मोटर पार विझून जाते. स्नायू सैल करणारं औषध दिलं तर स्नायू उत्तरच देणार नाहीत. म्हणून नळी घालण्यापुरतं ते औषध द्यायचं, त्याचा असर उतरू द्यायचा आणि पुढे सगळी भूल शिरेतून चालवायची. हे भूलतज्ज्ञाला अवघड जातं. मूल हलू नये, त्याला काही कळू नये, रक्तदाब टिकावा, आणि शिवाय माझी मोटर मिळावी. गॅसची चकती नुसती फिरवून सहा तास काढता येत असताना कुणी माझ्यासाठी दोन-तीन सिरिंज पंपांची कसरत का करावी? चांगला भूलतज्ज्ञ ती करतो. माझ्या मते मॉनिटरिंगचं निम्मं यश डोक्याकडच्या बाजूला उभ्या असलेल्या या माणसाचं असतं, आणि ऑपरेशननंतर नातेवाइकांना त्याचं नावही माहीत नसतं.

एक गोष्ट मला सांगायची आहे. ती मी अनेक वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

या कामात मला तिसरं वर्ष चालू होतं. तेव्हा मी दुसऱ्या एका रुग्णालयात होते. एका सोमवारी मी ‘उजवा पाय गेला’ असं सांगितलं आणि सगळं थांबलं. सरांनी रॉड सैल केला, रक्तदाब वाढवला, वीस मिनिटं गेली. मग कळलं की चादर सारखी करताना पावलातली सुई निघून आली होती. सर सगळ्यांसमोर बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, पण मी त्या दिवशी जेवले नाही.

त्याच आठवड्यात ९ वर्षांच्या एका मुलाचं ऑपरेशन होतं. जन्मापासून एक मणका अर्धवट बनलेला, त्यामुळे पाठीला कुबड. अशा कुबडात मज्जारज्जू आधीच ताणलेला असतो आणि धोका साध्या बाकापेक्षा बराच जास्त असतो. दुपारी १२ वाजून ४१ मिनिटांनी मोटर घेतली आणि उजव्या पावलाचा संदेश चौथाईवर आला. मी काही बोलले नाही. सुईचा रोध तपासला. केबल तपासली. पुन्हा मोटर घेतली, तेच. टेबलाखाली वाकून, चादरीत डोकं घालून, बॅटरी लावून पावलातल्या सुया पाहिल्या. जागच्या जागी होत्या. ठोक्याचा जोर वाढवून पाहिला. भूलतज्ज्ञांना हळूच विचारलं, औषध बदललंत का? नव्हतं बदललं. मग मी बोलले. तेव्हा १२ वाजून ४८ मिनिटं झाली होती आणि सर काढलेल्या अर्धवट मणक्याची फट मिटवत आणत होते.

त्यांनी लगेच फट उघडली, जे करायचं ते सगळं केलं. मुलगा जागा झाला तेव्हा डावा पाय हलत होता, उजवं पाऊल घोट्यातून वर उचलत नव्हतं. आठ महिने तो पावलाला प्लॅस्टिकचा आधार बांधून शाळेत गेला. मग बरीचशी ताकद परत आली, पण सगळी आली नाही. कुणी मला दोष दिला नाही. माझ्या नोंदीत दोन्ही वेळा लिहिलेल्या होत्या, पण कुणी वाचल्या नाहीत. त्या सात मिनिटांत मी बोलले असते तर पाऊल वाचलं असतं का, याचं खात्रीचं उत्तर कुणी देऊ शकणार नाही. मला स्वतःला एवढं मात्र माहीत आहे, की ती सात मिनिटं मी त्या मुलासाठी वापरली नव्हती. सोमवारसारखं पुन्हा कुणी बोलू नये म्हणून वापरली होती.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. आधी बोलायचं, मग शोधायचं. ‘सर, उजव्या पावलाची मोटर चौथाईवर आली आहे, वेळ १२:४१, मी सुया तपासते आहे.’ यात मत नाही, घाबरवणं नाही, आकडा आणि वेळ आहे. सुई निघालेली असली तर असली. खोट्या इशाऱ्याने वीस मिनिटं जातात. गप्प राहिल्याने काय जातं, ते मी पाहिलेलं आहे. नव्या मुली माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा यंत्राला हात लावू देण्याआधी मी त्यांच्याकडून हे वाक्य मोठ्याने म्हणून घेते. सगळ्यांना जमतं असं नाही. बावीस वर्षांच्या मुलीने चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या शल्यविशारदाला भर ओटीत थांबायला सांगायचं, हे आपल्याकडे घरात, शाळेत, कुठेच शिकवलेलं नसतं.

आता मी ज्या सरांबरोबर काम करते ते कातडीवर चीर देण्याआधी दरवेळी एकच गोष्ट सांगतात, “सिग्नल पडला तर मला ऐकू येईल असं सांगायचं. खोटा निघाला तरी चालेल.” दरवेळी, म्हणजे खरंच दरवेळी. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सिग्नल पडल्यावर काय काय तपासायचं याची एक यादी प्रसिद्ध केली. तिची मोठ्या अक्षरातली प्रत आमच्या ओटीच्या भिंतीवर आहे. पण माझ्या दृष्टीने सरांचं ते वाक्य त्या यादीच्या आधी येतं.

मणक्याच्या बाकापेक्षाही ज्या ऑपरेशनांत माझा जीव जास्त अडकतो, ती मज्जारज्जू तळाशी बांधला गेलेल्या लहान मुलांची. मज्जारज्जूच्या टोकाला एक तंतू असतो. काही मुलांत तो जाड, आखूड असतो किंवा चरबीच्या गोळ्याला चिकटलेला असतो. मूल उंच होतं तसा मज्जारज्जू खालून ओढला जातो. कोकणातून असा एक ४ वर्षांचा मुलगा आला होता. कमरेवर मधोमध केसांचा झुपका होता, आजीने तो देवाची खूण म्हणून जपला होता. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान. आणि चड्डी सतत ओली. आई सांगताना आवाज खाली आणून बोलत होती. अंगणवाडीत इतर मुलं त्याच्याजवळ बसत नाहीत, म्हणाली.

अशा ऑपरेशनमध्ये सूक्ष्मदर्शकातून सरांना पिवळी चरबी आणि तीत गुंतलेले पांढरट धागे दिसतात. काही धागे म्हणजे निव्वळ तंतू, कापायचे. काही म्हणजे नसांची मुळं. त्यातलं एक पोटरीकडे जातं, एक लघवीच्या पिशवीकडे, एक गुदद्वाराच्या स्नायूकडे. डोळ्यांना पुष्कळदा फरक कळत नाही. मग सर बारीक टोकाची सळई धाग्याला लावतात आणि मी त्यातून दोन-एक मिलिअँपियरचा प्रवाह सोडते. नस असेल तर पडद्यावर रेघ उसळते आणि स्पीकरमधून टर्रर्र असा आवाज येतो. पायांबरोबरच गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना मी सुया लावलेल्या असतात. चार वर्षांच्या मुलाला त्या लावताना मी नेहमी चादर ओढून घेते. तो झोपलेला असला, बघणारे सगळे डॉक्टर असले, तरीही.

धागा गप्प राहिला तर सर कापणार. म्हणून माझी सगळी भीती त्या गप्प राहण्याची. तो तंतू आहे म्हणून गप्प आहे, की स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंश अजून रक्तात आहे म्हणून? की माझी तार सुटली आहे? की सळईच्या टोकाशी पाणी साचून प्रवाह भलतीकडे चालला आहे? प्रत्येक गप्प धाग्याच्या आधी आणि नंतर मी सरांना एका माहीत असलेल्या नसेला सळई लावायला सांगते. ती बोलली, तरच या धाग्याच्या गप्प बसण्याला अर्थ. मनगटावर चार ठोके देऊन अंगठा चारही वेळा पूर्ण ताकदीने उडतो का, तेही पाहते. त्या दिवशी एक धागा सरांना अगदी तंतूसारखा दिसत होता. जाड, वरून एक रक्तवाहिनी गेलेली. सळई लावली. उजव्या बाजूचा गुदद्वाराचा स्नायू बोलला. सरांनी तो धागा चरबीतून सोडवायला पाऊण तास घेतला. तंतू त्याच्या मागे निघाला.

तो मुलगा सहा महिन्यांनी तपासणीला आला तेव्हा ओपीडीच्या बाकड्यावर उड्या मारत होता. दिवसाची चड्डी कोरडी राहू लागली होती, रात्रीची अजून नाही. आईचा आवाज या वेळी खाली नव्हता.

परभणीच्या मुलीकडे परत येते. सकाळी साडेनऊला तिच्या चारही हातापायांची बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची नोंद, छान मिळाली होती. पालथी केल्यावर डाव्या हाताचा संदेश अर्ध्यावर आला, तेव्हा भूलतज्ज्ञ मॅडमनी तिचा खांदा जरा खाली घेतला, कोपराखाली जेलची उशी सरकवली आणि संदेश भरला. हे नेहमीचं असतं. हाताच्या नसा नुसत्या झोपवण्याच्या पद्धतीनेही दुखावतात, म्हणून पाठीच्या ऑपरेशनमध्ये मी हातांवरही लक्ष ठेवते. स्क्रू बसले. दीडच्या सुमारास सरांनी रॉड फिरवून बाक सरळ करायला सुरुवात केली.

“सर, मोटर घेऊ?”

“घे.”

डाव्या पायाच्या दोन्ही रेघा सपाट होत्या. उजव्या पायाच्या निम्म्यावर. हात जसेच्या तसे.

“सर, डावा पाय गेला, उजवा निम्म्यावर. १ वाजून ३४ मिनिटं. हात चांगले आहेत.”

हात चांगले आहेत, हे सांगणं महत्त्वाचं. भूल खोल झाली असती तर हातही पडले असते. सरांनी हत्यार खाली ठेवलं. कुणीतरी गाणी बंद केली. मॅडमनी सरासरी रक्तदाब सांगितला, ६२. त्यांनी तो ८५ च्या वर न्यायला सुरुवात केली, रक्ताची एक पिशवी लावली, रक्ताचा नमुना तपासायला धाडला. सरांनी रॉड सैल केला, बाक परत वळू दिला, जखमेत कोमट सलाइन भरलं. मी सुया तपासल्या. सगळ्या जागेवर होत्या.

वर जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे स्पर्शाच्या संदेशात, या सगळ्यात फारसा फरकच पडला नव्हता. हे रस्ते मज्जारज्जूच्या वेगवेगळ्या भागांतून जातात. मागच्या भागाला रक्त देणाऱ्या वाहिन्या निराळ्या, पुढच्या दोन-तृतीयांशाला पुढून जाणारी एकच. ताणाने ती आवळली गेली तर हुकमाचा रस्ता बंद पडतो आणि खबरीचा चालू राहतो. नुसता खबरीचा रस्ता बघत बसले असते, तर त्या दिवशी मी सगळं ठीक आहे म्हणाले असते.

पाच मिनिटांनी मोटर. काही नाही. अकराव्या मिनिटाला डाव्या पायाच्या अंगठ्याच्या रेघेत एक बारीक लाट आली. मी ती दोनदा घेऊन खात्री केली आणि सांगितली. विसाव्या मिनिटाला पोटरीची रेघ आली. अर्ध्या तासाने डावा पाय सकाळच्या पाऊणपट झाला, उजवा पूर्ण. मग सरांनी रॉड पुन्हा घट्ट केला, पण आधीइतका वळवला नाही. प्रत्येक स्क्रूनंतर ते थांबले आणि मी मोटर घेतली. एकूण २२ मोटर झाल्या त्या पुढच्या दीड तासात.

शेवटी बाक ३४ अंशांवर राहिला. सरांच्या हाताने तो वीसच्या आत आला असता, हे मला माहीत आहे. एक्स-रे पाहून वडिलांनी विचारलं, “थोडा वाकडाच राहिला की हो साहेब.” सरांनी त्यांना खुर्चीत बसवून सगळं सांगितलं, १ वाजून ३४ मिनिटांसकट. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाय चालत्यात ना.” चालत होते. रिकव्हरीत मी तिच्या पायाशी उभी होते. मॅडमनी नावाने हाक मारून पाय हलवायला सांगितलं, तेव्हा तिने आधी डावा हलवला.

त्या सगळ्या सुया मी मोजून काढल्या, ३२ लावल्या होत्या, ३२ काढल्या. सिस्टरकडच्या रिबिनी आईला दिल्या.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मुलाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर त्यांना माझं सांगणं आहे. मॉनिटरिंग होणार आहे का, हे डॉक्टरांना विचारा. ते करणारी व्यक्ती पूर्ण वेळ यंत्रासमोर बसणार आहे का, हेही विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि आदल्या दिवशी आमच्यापैकी कुणी भेटायला आलं, तर लपवू नका. मुलाला कधी आकडी आली असेल तर सांगा. कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, डोक्याचं आधी काही ऑपरेशन झालं असेल, शंट असेल, तर सांगा. त्या दिवसापुरतं डोक्याला तेल लावू नका.

आणखी एक. मोटर देताना जबडा घट्ट मिटतो, म्हणून जीभ आणि ओठ जपायला आम्ही दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये गॉजच्या गुंडाळ्या ठेवतो. दोन वर्षांपूर्वी ६ वर्षांच्या एका मुलीचा पुढचा दात मोटरच्या वेळी निघाला. तो घशात गेला असता तर श्वासाच्या वाटेत अडकू शकला असता. मॅडमना तो गॉजमध्ये सापडला. तो आठवडाभर हलत होता, असं आईने नंतर सांगितलं, पण ऑपरेशन पुढे ढकलतील म्हणून आधी बोलली नव्हती. दुधाचा दात हलतो म्हणून आम्ही ऑपरेशन पुढे ढकलत नाही. तो हलतो आहे एवढं आम्हाला सांगा.